पत्रकात नसलेला गुडघा

२५ मे २०२० च्या रात्री मिनिआपोलिस पोलिसांनी एक छोटं प्रसिद्धीपत्रक काढलं. बनावटगिरीच्या तक्रारीवरून पोलिस गेले, संशयितानं विरोध केला, त्याला बेड्या घातल्या, प्रकृती बरी दिसेना म्हणून रुग्णवाहिका बोलावली, रुग्णालयात तो दगावला. कोणीही शस्त्र वापरलं नाही. पत्रकाच्या शीर्षकात मृत्यूचं कारण वैद्यकीय म्हणून सांगितलं होतं. त्या दगावलेल्या कृष्णवर्णीय माणसाच्या, जॉर्ज फ्लॉइडच्या, मानेवर पोलिस डेरेक शॉव्हिननं ठेवलेला गुडघा त्यात कुठेच नव्हता.

"वाक्यावाक्यानं तपासलं तर यात पकडता येईल असं खोटं फार थोडं आहे," मामा म्हणाले. "ज्यानं लिहिलं त्याचा हात मुरलेला होता."

मामा महाराष्ट्र पोलिसात फौजदार म्हणून लागले आणि उपअधीक्षक म्हणून निवृत्त झाले. ताई मिनिआपोलिसच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. मामा तिच्याकडे उन्हाळ्यात राहायला गेले तेव्हा मीही तिथे होतो, आणि या दोघांचा वाद बरेच दिवस चालला. दोघंही अधिकारानं बोलत होती. एकानं वर्दी घातलेली, दुसरीनं मरणाच्या दारातली माणसं रोज हाताळलेली. म्हणून तो वाद इथे लिहितो आहे. मी तटस्थ नाही, हेही सांगून टाकतो.

ताईचं म्हणणं सरळ होतं. "दुकानात वीस डॉलरची नोट खोटी निघाली, एवढ्यावरून सुरू झालं. नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद तो माणूस पालथा होता आणि गुडघा तसाच होता. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. गर्दीत एक अग्निशमन दलाची बाई होती, सुट्टीवरची. ती ओरडून सांगत होती, नाडी बघा, मला मदत करू द्या. तिला जवळ येऊ दिलं नाही. एका पोलिसानं स्वतः नाडी पाहिली, लागत नाही म्हणाला, तरी गुडघा हलला नाही. आणि सतरा वर्षांच्या मुलीनं मोबाइलवर हे टिपलं नसतं, तर मामा, ते पत्रकच इतिहास झालं असतं."

मामांनी हे नाकारलं नाही. त्यांचा रोख वेगळा होता. "पुढे काय झालं तेही सांग ना. पोलिसप्रमुख अराडोंडोंनी दुसऱ्याच दिवशी चौघांना बडतर्फ केलं. निलंबन नाही, विभागीय चौकशी नाही, थेट घरी. नंतर खटल्यात साक्षीला उभं राहून सांगितलं, की डेरेक शॉव्हिननं जे केलं ते आमच्या प्रशिक्षणात बसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये ज्युरीनं तिन्ही कलमांखाली दोषी ठरवलं, साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. खात्याचा प्रमुख आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष देतो, हे मी माझ्या सबंध नोकरीत पाहिलं नाही. आमच्याकडे कोठडीत माणूस गेला की तपास सीआयडीकडे जातो, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते, चोवीस तासांत मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं. कागदावर सगळं आहे."

"आणि शिक्षा?"

"तेच म्हणतोय. शिक्षा यांच्याकडे झाली."

"या प्रकरणात झाली," ताई म्हणाली. "शॉव्हिनची नोकरी एकोणीस वर्षं झाली होती. त्याच्याविरुद्ध अठरा तक्रारी होत्या आणि त्यांतल्या दोनच तक्रारींवर कारवाई झाली, तीही ताकीद देण्यापुरती. एवढं असून खात्यानं त्याला काय काम दिलं होतं? नव्या भरतीला रस्त्यावरचं काम शिकवण्याचं. त्या दिवशी त्याच्याबरोबर दोन अगदी नवे पोलिस होते, त्यातला एक त्याच्याच हाताखाली शिकलेला. ती मुलं काय शिकत होती?"

खटला संपला की न्याय झाला, असं मामांना वाटत होतं आणि तिथेच त्यांची माझी फारकत होती. खटला उभा राहिला तो कसा, हे पाहावं लागतं. मिनिसोटात अशा प्रकरणात आरोप ठेवायचे की नाही, हे साधारणपणे काउंटीचा सरकारी वकील ठरवतो, आणि त्याला रोजच्या रोज त्याच पोलिसांच्या साक्षींवर खटले जिंकायचे असतात. फ्लॉइडच्या वेळी शहर पेटलं, लोक रस्त्यावर उतरले, मग राज्याचे महाधिवक्ता कीथ एलिसन यांच्याकडे काम दिलं गेलं. म्हणजे चित्रफीत हवी, जगभर निदर्शनं हवीत, प्रमुख साक्षीला उभा राहायला हवा, वकील बाहेरचा हवा, आणि हे सगळं एकत्र यायला हवं. असं दर वेळी होत नाही.

मामांचा सगळ्यात जोरदार मुद्दा दुसराच होता आणि तो ऐकण्यासारखा होता. "शॉव्हिनचं सोड, त्याला नऊ मिनिटं होती. बहुतेकांना दोन सेकंदही नसतात. मी आयुष्यभर मोटारसायकली अडवल्या, ट्रक अडवले. खिडकीतून हात खाली गेला तर मला वाटायचं, लायसन काढतोय. अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. इथला पोलिस प्रत्येक गाडीकडे जाताना आज घरी जाणार की नाही, हा विचार करत जातो. खोलीत बसून त्याच्या त्या दोन सेकंदांचा हिशेब घेणं सोपं आहे."

अमेरिकेचा कायदा मामांच्याच बाजूनं बोलतो. १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की बळाचा वापर योग्य होता की नाही हे त्या जागी, त्या क्षणी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून पाहायचं, मागाहून सुचलेल्या शहाणपणानं नाही. तेव्हापासून देशातला प्रत्येक पोलिस या निकालाच्या आधारानं उभा राहतो.

"तो ग्रॅहम कोण होता माहीत आहे का?" ताईनं विचारलं. "मधुमेहाचा रुग्ण. कृष्णवर्णीय. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात १९८४ मध्ये त्याची साखर खाली गेली म्हणून मित्राला घेऊन संत्र्याचा रस आणायला दुकानात गेला. आत रांग मोठी, म्हणून घाईनं बाहेर पडला. एवढ्यावर पोलिसाला संशय आला. मित्र सांगत होता, याला साखरेचा त्रास आहे. कोणी ऐकलं नाही. बेड्या घातल्या, पाय मोडला. असा झटका आलेला माणूस माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतो. तो दारुड्यासारखा वागतो, हातपाय झाडतो. त्याला मी ग्लुकोज देते. आणि पोलिसांना संशयाचा फायदा देणारा नियम उभा राहिला तो याच माणसाच्या अंगावरून."

मग ती फिलॅन्डो कॅस्टिलच्या प्रकरणाकडे आली. मिनिआपोलिसजवळच्या फाल्कन हाइट्समध्ये ६ जुलै २०१६ ला त्याची गाडी अडवली. तो शाळेच्या भोजनगृहाची व्यवस्था बघायचा. गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी. त्यानं पोलिसाला शांतपणे, आदरानं सांगितलं, की माझ्याजवळ बंदूक आहे. परवाना होता. जेरोनिमो यानेझ या पोलिसानं सात गोळ्या झाडल्या. जून २०१७ मध्ये ज्युरीनं यानेझला निर्दोष सोडलं.

"मामा, तुम्हीच सांगा, आणखी काय करायला हवं होतं त्यानं?"

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बंदूक आहे हे सांगायलाच नको होतं." आणि लगेच स्वतःच मान हलवली, कारण ती सांगितली नसती आणि दिसली असती तर काय झालं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

दोन सेकंदांचा हिशेब करताना घड्याळ कुठून सुरू करायचं, हा यातला खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. यानेझनं गाडी अडवण्याआधी वायरलेसवर सांगितलं होतं, की चालक दरोड्यातल्या एका संशयितासारखा दिसतो, त्याचं नाक रुंद आहे म्हणून. गाडीचा मागचा दिवा बंद असल्याचं कारण वर होतंच. कॅस्टिलला त्याआधीही चाळीसहून अधिक वेळा अशाच किरकोळ कारणांनी अडवलं होतं. गोळी झाडण्याचे दोन सेकंद भीतीचे असतीलही, पण नाक पाहून गाडी अडवायला घाई कसली होती? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बार्न्स विरुद्ध फेलिक्स या खटल्यात एकमतानं सांगितलं, की धोक्याचा तेवढा क्षण वेगळा काढून बघायचा नाही, आधी काय काय घडलं तेही विचारात घ्यायचं. मामांना हा निकाल पटला. "गुन्ह्याचा तपास करताना आम्ही आधीचा घटनाक्रम बघतोच की. मग पोलिसाचाच का बघू नये?" असं ते म्हणाले.

वर्णाच्या मुद्द्यावर मात्र ते हटून बसले. "हे सगळं वर्णावर नेऊन ठेवू नकोस. फ्लॉइडच्या प्रकरणातल्या चार पोलिसांत एक मोंग समाजाचा होता, एकाचे वडील आफ्रिकन होते. मेम्फिसला जानेवारी २०२३ मध्ये टायरी निकोल्सला मारहाण करणारे पाचही पोलिस कृष्णवर्णीय. आणि तुमच्याच शहरात मोहम्मद नूर. सोमाली पोलिस. त्यानं ऑस्ट्रेलियातून आलेल्या गोऱ्या बाईला गोळी घातली, त्या बाईनंच मदतीसाठी फोन केला होता."

"नूरचंच घ्या," ताई म्हणाली. "मिनिसोटात कर्तव्यावर असताना माणूस मारल्याबद्दल खुनाच्या कलमाखाली दोषी ठरलेला पहिला पोलिस तोच. २०१९ मध्ये. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते कलम काढलं आणि शिक्षा कमी झाली, ते सोडा. पण इतक्या वर्षांत पहिला दोषी ठरला तो कृष्णवर्णीय स्थलांतरित, आणि मेलेली बाई गोरी. शॉव्हिन त्यानंतरचा. आणि गोऱ्यांतला पहिला."

नूरला शिक्षा व्हायला नको होती असं ती म्हणत नव्हती. माझ्या मते मामांच्या उदाहरणानं मामांचाच मुद्दा इथे ढासळतो. वर्दीतल्या माणसाचा रंग कोणता, याला मर्यादित महत्त्व आहे. कोणत्या वस्तीत गस्त दाट घालायची, कोणत्या गाडीचा दिवा बघायचा, कोणाचा मृत्यू ज्युरीला अस्वस्थ करतो, हे सगळं त्या माणसाच्या भरतीच्या आधीच ठरून गेलेलं असतं. मिनिआपोलिसमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घरांच्या खरेदीखतातच लिहिलेलं असायचं, की हे घर गोऱ्याखेरीज कोणाला विकू नये. मिनिसोटा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अशी हजारो खतं शोधून नकाशावर मांडली आहेत. कोण कुठे राहणार हे असं ठरलं आणि पोलिसांची गस्त त्या रेषांवरून फिरत राहिली. जून २०२३ मध्ये केंद्रीय न्याय विभागानं मिनिआपोलिस पोलिसांवर अहवाल दिला. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहता गोऱ्यांच्या साडेसहापट कृष्णवर्णीयांना आणि जवळजवळ आठपट मूळ अमेरिकन आदिवासींना रस्त्यात अडवलं जातं, असा त्यात अंदाज आहे.

याच शहरात १९६८ मध्ये अमेरिकन इंडियन मूव्हमेंट सुरू झाली ती फ्रँकलिन अव्हेन्यूवर पोलिसांच्या गाड्यांमागे आपली गस्त घालून. ओकलंडचे ब्लॅक पँथर १९६६ मध्ये याच कामानं पुढे आले. ताईनं हे सांगितलं तेव्हा मामा एकदम आपल्या मुलखात आले. त्यांचं बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत, पोलिस हवालदाराच्या घरात गेलं. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तिनं नावच तिकडून घेतलं होतं. "नामदेव ढसाळ, राजा ढाले यांच्या सभा आमच्या दाराशी व्हायच्या," ते म्हणाले. "१९७४ च्या जानेवारीत दंगल झाली. शेजारच्या चाळीतली माणसं पोलिसांबद्दल काय बोलायची, ते आम्ही पोलिसाच्या घरात बसून ऐकलं. माझे वडील वाद घालायला कधी गेले नाहीत."

"मग इथल्या लोकांचं बोलणं तुम्हाला वेगळं का वाटतं?"

याचं उत्तर मामांनी दिलं नाही. ताईनं मग तिच्या मनातली गोष्ट काढली, ती इथे सांगितल्याशिवाय या वादातली तिची चिडचिड समजणार नाही. २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून आलेले सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ, नातवाला सांभाळायला म्हणून नुकतेच आलेले, सकाळी घराबाहेर फिरत होते. शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला, की एक काटकुळा कृष्णवर्णीय माणूस इकडे फिरतोय. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं आणि मणक्याला असा मार बसला की पुढे हातापायांतली शक्ती गेली. पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी त्याला मोकळं केलं. "तुम्ही पहाटे फिरायला जाता ना मामा, तेव्हा मी दार वाजेपर्यंत झोपत नाही," ती म्हणाली. "इकडचे आपले लोक म्हणतात, हा कृष्णवर्णीयांचा आणि पोलिसांचा प्रश्न आहे. फोन करणाऱ्याला आपण कोण दिसतो, हे आपण ठरवत नाही."

भरपाईच्या गोष्टीवर दोघांचं लवकर जमलं. फ्लॉइडच्या कुटुंबाला शहरानं २ कोटी ७० लाख डॉलर दिले. हा पैसा करदात्यांचा. पोलिसावर व्यक्तिशः दिवाणी दावा लावायचा तर १८७१ चा कायदा आहे, पण न्यायालयांनी १९६७ पासून त्याच्या आड एक कवच उभं केलं आहे: नेमक्या तशाच कृत्याला पूर्वी एखाद्या निकालानं स्पष्टपणे बेकायदा ठरवलेलं नसेल, तर अधिकारी सुटतो. मामांना हे ऐकून आपल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १९७ आठवलं, सरकारी नोकरावर खटला भरण्याआधी सरकारची मंजुरी लागायची ते. "फायली मंत्रालयात वर्षानुवर्षं पडून असायच्या. मला ते कलम नेहमी आधाराचं वाटायचं," ते म्हणाले, "पण इथलं बघितल्यावर वाटतं, की ज्याचं माणूस गेलं त्यानं कुठे जायचं?"

आता जिथे ताईला माघार घ्यावी लागली ते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिनिआपोलिसच्या मतदारांपुढे प्रस्ताव आला, की पोलिस खातं काढून त्या जागी सार्वजनिक सुरक्षेचा नवा विभाग आणावा. तो पडला, साधारण ५६ टक्के विरोधात. आणि शहराच्या उत्तर भागातल्या रहिवाशांनी शहरावरच दावा लावला होता, की आमच्याकडे गोळीबार वाढलाय आणि तुम्ही पुरेसे पोलिस ठेवत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला. "ज्यांच्या गल्लीत गोळ्या चालतात त्यांना पोलिस नको झालेले नाहीत," मामा म्हणाले, "त्यांना आपल्याला माणूस समजणारा पोलिस हवा आहे. खातं बंद करा म्हणणारे दुसऱ्या गल्लीत राहतात." ताईनं तेव्हा बदलाच्या बाजूनं मत दिलं होतं. आजही ती ते चुकीचं मानत नाही. पण उत्तर भागातल्या तिच्या सहकारी परिचारिकांपैकी बऱ्याच जणींनी उलटं मत दिलं, आणि त्यांच्याशी वाद घालायला तिच्याकडे काही नव्हतं, हे तिनं मान्य केलं.

मामांना शेवटपर्यंत न पचलेली गोष्ट म्हणजे अमेरिकेत सुमारे अठरा हजार वेगवेगळी पोलिस खाती आहेत. महासंचालक नाही, एक नियमपुस्तक नाही. पोलिसांच्या हातून वर्षाला किती माणसं मरतात, याची पूर्ण सरकारी नोंदही नाही. वॉशिंग्टन पोस्टनं २०१५ पासून स्वतः नोंद ठेवली, त्यात नुसत्या गोळीबारात दर वर्षी सुमारे हजार माणसं निघाली आणि लोकसंख्येच्या मानानं कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक. फ्लॉइडच्या नावाचं विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. केंद्र सरकारचा मिनिआपोलिसशी न्यायालयाच्या देखरेखीखालचा सुधारणा करार जानेवारी २०२५ मध्ये झाला आणि सरकार बदलल्यावर मे महिन्यात केंद्रानंच तो मागे घेतला. राज्याच्या मानवी हक्क विभागाशी झालेला करार तेवढा चालू आहे.

शेवटचा वाद थॉमस लेनवरून झाला आणि तो मिटला नाही. फ्लॉइडचे पाय धरणारा हा पोलिस. नोकरीचा चौथा दिवस. त्यानं शॉव्हिनला दोनदा विचारलं, याला कुशीवर वळवायचं का? शॉव्हिन नाही म्हणाला. लेन पाय धरून राहिला. नंतर तो रुग्णवाहिकेत चढला आणि छाती दाबून फ्लॉइडला वाचवायचा प्रयत्नही त्यानं केला. केंद्रीय न्यायालयानं वैद्यकीय मदत न दिल्याबद्दल त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली.

"हा अन्याय आहे," मामा म्हणाले. "चार दिवसांचा शिपाई एकोणीस वर्षांच्या माणसाला कसा अडवणार? आमच्याकडे साहेबाचा हात धरला असता तर संध्याकाळपर्यंत मी नियंत्रण कक्षात बसलो असतो. विचारलं ना त्यानं? दोनदा विचारलं."

"विचारलं म्हणजे त्याला कळत होतं," ताई म्हणाली. "आमच्याकडे नवी परिचारिका सर्जनला थांबा म्हणू शकते. म्हणावंच लागतं, नाहीतर तिचा परवाना जाऊ शकतो. त्याला ते म्हणता आलं नाही कारण त्याच्या खात्यात तसं कोणी म्हणत नव्हतं. नियम होता, २०१६ पासून. सहकारी जादा बळ वापरत असेल तर हस्तक्षेप करायचा, असं लिहिलेलंच होतं. जुलै २०२० मध्ये तर राज्यानं त्याचा कायदाच केला."

"लिहिलेलं असतं, पोरी."

"त्याच दिवशी एका बाईनं केलं की. पोलिसांच्या नियंत्रण कक्षात फोन घेणारी. चौकातल्या कॅमेऱ्यावर तिला दिसत होतं. इतका वेळ कोणी हलेना म्हणून तिला आधी वाटलं की पडदाच अडकलाय. मग तिनं सार्जंटला फोन केला, मला चुगलखोर म्हणा हवं तर, पण तिकडे काहीतरी चाललंय. तिला कोणतीही वर्दी नव्हती आणि हुद्दाही नव्हता."

मामांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच राहिलं, की लेनला ज्यानं घडवलं त्याच्याकडून आणि त्याला तिथे नेमणाऱ्यांकडून आधी हिशेब घ्यायला हवा होता, आणि त्या नेमणुकीच्या कागदावर सही करणाऱ्या एकालाही न्यायालयात आरोपी म्हणून उभं केलं गेलं नाही. ताई म्हणाली, दोन्ही हवं. मला लेनची शिक्षा योग्य वाटते. पण ती सही कोणाची होती, हा मामांचा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.